एकोणीसचे अकरा

स्टेशनजवळचं माझं डीटीपीचं दुकान चाललं ते लग्नपत्रिकांवर. नाव झालं ते बातम्यांच्या कार्डांमुळे, आणि घालवलं तेही त्याच कार्डांनी. मी वाशिंदचा. खडवली आणि आसनगावच्या मधलं स्टेशन, शेजारून जाणारी भातसा, पोलादाचा कारखाना आणि सकाळच्या लोकलला लोंबकळणारं निम्मं गाव, एवढी ओळख पुरे. दुकान टाकलं नव्वदच्या दशकाच्या शेवटी. हाताशी एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरू होणाऱ्या मजकुराची एक फाईल. नावं बदलायची, मुहूर्त बदलायचा, बटर पेपरवर प्रिंट काढून कल्याणच्या ऑफसेटवाल्याकडे पाठवायची. अक्षर कसं दिसतं हे आपल्याला कळतं, असा माझा समज तेव्हापासूनचा. समज पक्का असला की माणूस तपासत नाही.

त्या काळी मराठी टाइप व्हायचं ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’त किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’मध्ये. या जुन्या फॉन्टांत एक गोम होती. आपल्याला पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या लेखी तो कुठल्या तरी रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या खुंटीवर टांगलेला असायचा. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसला की गणपतीच्या नावाऐवजी तिथे प्रश्नचिन्हं, कंस आणि डॉलर उमटायचे. गावातल्या एका मुलाचं लग्न ठरलं, मामा अमेरिकेत, त्यांना पत्रिका ईमेलने पाठवायची होती. दोनदा पाठवली, दोन्ही वेळा मामांनी विचारलं की ही कोणती भाषा. शेवटी मी पत्रिकेचं चित्र करून पाठवलं आणि ते व्यवस्थित वाचता आलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक नियम बसला: मराठी बाहेरगावी पाठवायची तर तिचं चित्र करायचं.

तेव्हा तो नियम बरोबरच होता. पहिल्या वर्षांतल्या मराठी वेबसाइटी एक तर आधी आपला फॉन्ट उतरवून घ्यायला लावायच्या, नाही तर मजकूर चित्र म्हणून टाकायच्या. पण कारण संपलं तरी मी नियम धरून बसलो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला, तो र. कृ. जोशींनी घडवलेला. सुलेखनातला एवढा मोठा माणूस पडद्यावरच्या बारीक अक्षरासाठी वर्षानुवर्षं खपत होता, आणि मी दुकानात बसून ‘मंगल’ला नावं ठेवत होतो. पत्रिकेत शोभत नाही, ठसा नाही, वळण नाही. पत्रिकेपुरतं ते खरंही असेल. ते अक्षर पत्रिकेसाठी केलेलंच नव्हतं, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

२०१५च्या सुमारास तालुक्यातल्या एका ओळखीच्या माणसाने बातम्यांची वेबसाइट काढली. नाव सांगत नाही, कारण यात त्याचा दोष नाही. बातम्या तो युनिकोडमध्ये स्वतः लिहायचा. पण लोकांना जे खरं हवं असतं, म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक किती ते किती, टँकर कुठल्या पाड्यावर कधी, म्हसाच्या यात्रेला जादा एसटी कुठून, दाखल्यांचं शिबिर कोणत्या शाळेत, ते सगळं कार्ड करून टाकायचं ठरलं. कार्ड लगेच डोळ्यात भरतं, ग्रुपवर पुढे जातं, खाली वेबसाइटचं नाव राहतं. कार्ड करणारा मी. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्ष-दोन वर्षांत डोळखांब, किन्हवलीच्या पुढच्या पाड्यांवरही खिशात चार इंचांचा, पाच इंचांचा पडदा आला. माझं कार्ड मुरबाडच्या टोकावड्यापर्यंत जातं हे ऐकून मी दुकानाच्या बोर्डावर ‘डिजिटल’ हा शब्द वाढवून घेतला.

आता चुका सांगतो. एक चूक असती तर सोपं होतं.

मी तोवर फ्लेक्सवालाही झालो होतो. फ्लेक्सचं शास्त्र असं की आठ बाय दहाच्या कापडावर मध्ये साहेब, वर देव, खाली पस्तीस शुभेच्छुकांचे फोटो आणि प्रत्येकाच्या फोटोखाली नाव मावलं पाहिजे. मजकूर मावत नसेल तर अक्षर बारीक करायचं. फ्लेक्सवर चालतं, कारण बारीक केलेलं अक्षरही तळहाताएवढं असतं आणि ज्याला आपलं नाव वाचायचं तो जवळ जातो. पिवळ्या अक्षराला लाल कडा, मागे निळं, हेही तिथे खपतं. मोबाइलसाठी कार्ड करताना मी तेच सगळं उचलून आणलं. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरात मोठ्ठं पान घ्यायचं, त्यावर सहा रकान्यांचा तक्ता, मागे भातशेतीचा हिरवागार फोटो, वर लाल अक्षरं. माझ्या एकवीस इंची मॉनिटरवर ते झकास दिसायचं.

दुसरं, डीपीआयचं, म्हणजे इंचामागे किती ठिपके या आकड्याचं भूत. छपाईला तीनशे आणि वेबला बहात्तर, हे आमच्या धंद्यात मुंजीतल्या मंत्रासारखं कानात सांगितलं जातं आणि मीही पुढे चार पोरांच्या कानात सांगितलं. तो आकडा ब्राउझर बघतसुद्धा नाही. त्याला कळतात फक्त पिक्सेल. मी सहा इंच रुंदीचं कार्ड करून बहात्तरने बाहेर काढायचो, म्हणजे रुंदीला ४३२ पिक्सेल. समोरच्या अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेलची. फोन बिचारा माझं चित्र अडीचपट ताणायचा. ताणलं की फाटतं. आमच्याकडे चित्र धूसर झालं असं कोणी म्हणत नाही, ‘फाटलं’ म्हणतात. वेबसाइटवाल्याने दोनदा सांगितलं, कार्ड फाटतंय. मी म्हणालो, तुझी साइट स्लो असेल.

मग कोणाकडून तरी कळलं की आकार वाढवायला हवा. म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो: बारा इंच, तीनशे डीपीआय, ३,६०० पिक्सेल रुंद. आता फाटायचा प्रश्नच नाही, अशा ऐटीत. पण एवढं मोठं चित्र साइट तसंच दाखवत नाही. साइट ज्यावर चालायची ते वर्डप्रेस त्याच्या लहान आवृत्त्या बनवून ठेवतं, एक १०२४ पिक्सेलची, एक ७६८ची, एक ३००ची, आणि पानावर सहसा यातलीच एखादी लागते. ३,६०० चं १,०२४ झालं की माझं चाळीस पिक्सेल उंचीचं अक्षर अकरा-साडेअकरा पिक्सेलवर येतं. रोमन अक्षर तेवढ्यात कसंबसं तग धरतं. देवनागरीला त्याच उंचीत वरची वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधली शिरोरेषा आणि खालचा उकार हे सगळं कुटुंब बसवायचं असतं. आमच्या गावाचंच नाव घ्या. ‘शिं’मधला अनुस्वार वेलांटीच्या कमानीला लागून बसतो. अक्षर लहान झालं की पहिला बळी त्याचा. माझ्या कार्डांवर कित्येक महिने ‘वाशिद’ छापून येत होतं आणि ते मला दिसत नव्हतं, कारण मला गावाचं नाव माहीत होतं. माहीत असलेला शब्द डोळा वाचत नाही, नुसता ओळखतो. प्रूफ वाचणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं, मलाही ठाऊक होतं. पत्रिकेत मी नवरीचं नाव उलटीकडून एकेक अक्षर वाचायचो. कार्डाला ती वागणूक कधी दिली नाही. कार्डाचे पैसे पत्रिकेच्या मानाने कमी होते, हे खरं कारण.

तिसरी चूक होती जेपीईजीची. ही मला सर्वांत उशिरा कळली आणि सर्वांत जास्त आवडली, कारण तिच्यामागे खरोखर डोकं लावलेलं आहे. मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी १९७२ साली चित्रातली माहिती लहरींमध्ये मांडून आटवण्याची एक गणिती रीत सुचवली, १९७४ मध्ये नटराजन आणि राव यांच्यासोबत तिच्यावर लेख छापला. १९९२ साली ठरलेलं जेपीईजीचं प्रमाण याच रीतीवर उभं आहे. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा डोळ्याला सहसा जाणवत नाही तो टाकून द्यायचा. आभाळ, चेहरा, झाडी यांत हे बेमालूम खपतं, कारण तिथे रंग हळूहळू बदलतो. अक्षराची कड मात्र एका पिक्सेलला काळी आणि पुढच्या पिक्सेलला पांढरी. तिथे टाकण्यासारखं काही नसतं, तरी ते टाकलं जातं, आणि मग अक्षराभोवती दिव्याभोवती जमतात तशी चिलटं जमतात. फोन डोळ्याजवळ आणून बघा, कोणत्याही ग्रुपवरच्या सुविचारात दिसतील.

वर आणखी एक. डोळ्याला उजेड-अंधार बारकाईने कळतो, रंग ढोबळ कळतो, म्हणून जेपीईजीत बहुतेक वेळा रंगाची माहिती आडवी-उभी निम्म्यानेच ठेवतात. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर उजेडाच्या फरकावर ते वाचतं. हिरव्यावर लाल असेल तर दोन्हींचा उजेड जवळपास सारखा, फरक काय तो रंगाचा, आणि रंगच अर्धा केलेला. म्हणजे जी रंगसंगती मी शेतकऱ्यांच्या कार्डांसाठी मोठ्या हौसेने राखून ठेवली होती, ती या रीतीत सर्वांत आधी मरणारी निघाली.

यात माझा आळस मिसळा. मेगाब्लॉकचं कार्ड दर आठवड्याचं. कोरलची मूळ फाईल दुसऱ्या मशीनवर, ते मशीन चालू करायला पाच मिनिटं. म्हणून मी गेल्या रविवारचं जेपीईजी उघडायचो, तारखेवर पांढरा ठोकळा टाकून नवी तारीख लिहायचो आणि पुन्हा जेपीईजीच सेव्ह करायचो. दर वेळी पुन्हा काटछाट. मग ते व्हॉट्सॅपने साइटवाल्याला, तिथे व्हॉट्सॅपची काटछाट. मग वर्डप्रेसने लहान आवृत्ती करताना स्वतःची, तिथे २०१६ पासून दर्जा ८२वर धरलेला असतो. मग कुणीतरी साइटवरून स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणार, की परत व्हॉट्सॅप. मूळ कार्ड कसं होतं हे सांगायला शेवटी मी एकटाच उरायचो.

२०१८चं खरीप. शहापूर-मुरबाडकडे हमीभावाने भात घ्यायला केंद्रं उघडतात. त्या वर्षी साध्या भाताचा भाव क्विंटलला १,७५० रुपये होता. आमच्या भागातल्या एका केंद्राचा तक्ता माझ्याकडे आला: कोणत्या गावाने कोणत्या तारखेला माल आणायचा, सोबत सातबारा, आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. आला तोच झेरॉक्सच्या झेरॉक्सचा फोटो म्हणून. मी तो डोळे फोडून वाचला, दोन ठिकाणी फोन करून तारखा पक्क्या केल्या आणि स्वच्छ टाइप केला. हे काम मी नीट केलं होतं, आणि पुढे मला आडवं आलं ते नेमकं हेच. तक्त्यात चाळीसच्या आसपास गावं आणि पाडे. सगळे एका कार्डावर बसवले, हिरव्यावर लाल. भाव तेवढा वर ठसठशीत पांढऱ्या पट्टीत काळ्याने टाकला, कारण लोक भाव आधी बघतात. कार्ड तुफान फिरलं. माझ्या बहिणीच्या सासरहून मलाच परत आलं.

डिसेंबरात एका दुपारी किन्हवलीकडचे एक म्हातारे आजोबा दुकानात आले. सोबत नातू, हातात नातवाचा फोन. त्यांच्या पाड्याची तारीख होती १९. त्यांनी वाचली ११. आठ दिवस आधी पंधरा-वीस पोती टेंपोत घालून ते केंद्रावर गेले. तिथे त्या दिवशी दुसऱ्या गावांचा माल, गोदामात जागा नाही, काट्यावर रांग. टेंपोवाला थांबायचे पैसे मागू लागला. माल परत न्यायचा तर दुहेरी भाडं, ठेवायचा तर कुठे? संध्याकाळी वाटेवरच्या एका व्यापाऱ्याने भात घेतला, क्विंटलला तीन-साडेतीनशे रुपये कमी देऊन.

आजोबा भांडायला आले नव्हते. वेबसाइटवाल्याकडून पत्ता काढून त्यांनी एवढंच विचारलं, “तूच केलंस ना हे? मग सांग, हा नऊ आहे का एक?”

मी काय केलं ते सांगतो. मी मशीन चालू केलं. मूळ फाईल उघडली. त्यांच्या पाड्याची ओळ शोधून ती चारशे टक्क्यांवर मोठी केली, इतकी की अख्ख्या मॉनिटरभर एकच आकडा, आणि म्हणालो, “बघा बाबा, नऊच आहे. स्पष्ट आहे.” माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. तो मला नंतर बरेच दिवस ऐकू येत राहिला.

आजोबांनी मॉनिटर नीट पाहिला. मग नातवाच्या हातातला फोन घेऊन टेबलावर ठेवला. “हा तुज्या दुकानातला. आमच्याकडं आला तो हा.”

फोनवर तो आकडा मी पहिल्यांदा पाहिला. देवनागरी ९ आणि १ यांच्यात फरक एका छोट्या वळणाचा. ते वळण लाल-हिरव्या चिखलात विरघळून गेलं होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मीही तो एकच वाचला असता. त्याच तक्त्यात खाली दोन ठिकाणी २ आणि ३ असेच एकमेकांत मिसळले होते. त्या गावांचं काय झालं हे मी विचारायला गेलो नाही. जायला हवं होतं.

मी भावातल्या फरकाचे पैसे देऊ केले. आजोबांनी टेंपोचं एका खेपेचं भाडं मोजून घेतलं, बाकीचे परत केले. भात आपण विकला, तू नाही विकलास, असं काहीसं म्हणाले. सगळे घेतले असते तर मी प्रकरण मिटलं म्हणून विसरलो असतो. वेबसाइटवाल्याला बरेच फोन आले. त्याने माझं नाव कुणाला सांगितलं नाही, पण पुढच्या महिन्यापासून कार्डाखाली मजकूरही लिहायला लागला, मला न विचारता. तालुक्यात गोष्टी कळतात. त्या हंगामात दोन पत्रिका दुसरीकडे गेल्या. एका गिऱ्हाइकाने तर तोंडावर सांगितलं, मुहूर्त अकराचा आहे, एकोणीसचा करू नकोस.

यानंतर मी शहाणा झालो असं वाटत असेल तर थांबा. आधी मी शार्पन केलं. लहान झालेल्या चित्रावर शार्पन लावलं की अक्षर क्षणभर चमकतं, आणि मग दिसतं की प्रत्येक काडीला पांढरी किनार आली आहे, अनुस्वार आणि वेलांटीतली फट बुजली आहे आणि चिलटंही आता ठळक झाली आहेत. जे टिपून ठेवलेलंच नाही ते शार्पन परत आणत नाही, असलेल्याचीच कड ताठ करतं. मग मी पीएनजीवर गेलो. हा प्रकार १९९६चा. जीआयएफच्या आटवण्याच्या रीतीवर पेटंटचे पैसे मागायला सुरुवात झाली, म्हणून चिडलेल्या काही मंडळींनी तो मोकळा, फुकट असा बांधला. यात काहीही टाकून देत नाहीत, जसंच्या तसं राहतं. अक्षरांना आणि सपाट रंगांना हाच बरा, फाईलही लहान होते. मी मात्र उत्साहात सगळंच पीएनजी करायला लागलो. म्हसाच्या यात्रेचे बैल, घोंगड्या आणि गर्दीचे फोटो पीएनजीत काढले, एकेक कित्येक एमबीचा. माळशेजच्या पायथ्याला रेंजची एक दांडी. तिथल्या लोकांना बातमीच्या जागी बराच वेळ पांढरा चौकोन दिसायचा. अक्षर स्वच्छ, पान कोरं.

खरा फरक पडला तो एका स्वस्त फोनमुळे. भाच्याने टाकून दिलेला, काचेला तडा गेलेला. प्रत्येक कार्ड मी आधी स्वतःलाच व्हॉट्सॅप करायचो, साइटवर टाकायचो, त्या फोनवर उघडायचो आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन वाचायचो. पहिल्या आठवड्यात एकही कार्ड पास झालं नाही. मग हिशेब सुचला, जो आधीच सुचायला हवा होता. फोनवर साधा मजकूर ज्या आकारात आरामात वाचतो तो ब्राउझरच्या मापात अंदाजे सोळा, आणि त्याच मापात पानाची रुंदी ३६०. माझं कार्ड १,२०० रुंद असेल तर त्यातलं बारीकात बारीक अक्षर त्रेपन्न हवं. त्रेपन्नच्या अक्षरात एका ओळीला पंचवीस-तीस अक्षरं मावतात, बस. म्हणजे सहा रकान्यांचा तक्ता फोनच्या कार्डावर बसतच नाही, कितीही चांगल्या सॉफ्टवेअरात केला तरी. मी इतकी वर्षं पीएनजी की जेपीईजी, बहात्तर की तीनशे यांत घोळत राहिलो. घोळ त्याच्या आधीचा होता. मी जास्त लिहीत होतो.

मग कार्डं बदलली. एका कार्डावर एक गोष्ट. पांढऱ्यावर काळं, नाही तर गडद निळ्यावर पांढरं. अक्षर जाड, पण इतकं जाड नाही की ‘ष’चं पोट भरून जाईल. ‘मुक्ता’ फॉन्ट मला यासाठी बरा वाटतो, मुंबईच्या ‘एक टाइप’वाल्यांनी केलेला आणि फुकट मिळणारा. कार्ड सुरुवातीपासूनच शेवटच्या मापात करायचं, मोठं करून मग लहान करायचं नाही. मूळ फाईल जपायची, जेपीईजीवर ठिगळ लावायचं नाही. फोटोवर अक्षर घालायची फार हौस असेल तर फोटो वेगळा, अक्षर खाली साध्या पट्टीत. साइटवाल्याला फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. २०२३च्या ऑगस्टपासून व्हॉट्सॅपवर एचडीची सोय आली आहे, पण ती आपण निवडावी लागते आणि लोक निवडत नाहीत, मीही विसरतो.

तक्ता? तक्ता आता मजकूर म्हणून पानावर टाइप होतो. गावाचं नाव, पुढे तारीख, खाली पुढचं गाव. दिसायला अगदीच सरळ. पण बोटांनी मोठा करता येतो, गावाचं नाव टाकून शोधता येतो, कॉपी करून पाठवला तर दहाव्या माणसाकडेही नऊ हा नऊच पोचतो. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन तो वाचूनही दाखवतो. चित्रातलं माझं इतक्या वर्षांचं मराठी त्या फोनला फक्त ‘चित्र’ होतं, हे एका अंध शिक्षकांनी मला हसत हसत ऐकवलं. चित्राला मागे शब्दांत वर्णन जोडता येतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

या सुधारणेचा एक तोटा मात्र झाला. मजकुराला डीटीपीवाला लागत नाही. साइटवाला स्वतः टाइप करतो. महिन्याला माझी जी वीस-पंचवीस कार्डं व्हायची ती पाच-सहावर आली. जे काम मी चुकीचं करून मिळवत होतो ते बरोबर केल्यावर गेलं. बोर्डावरचा ‘डिजिटल’ मी काढला नाही, रंगवायचा खर्च फुकट कशाला. लग्नपत्रिका अजून चालतात, पण त्याही आता बहुतेक फोनवरच जातात. प्रत्येक पत्रिकेतली मुहूर्ताची ओळ मी गिऱ्हाइकाला त्याच्याच फोनवर वाचून दाखवायला लावतो. काहींना राग येतो.

तो हिरवा तक्ता अजून मेलेला नाही. दर वर्षी भात झोडून झालं की तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतो, आधीपेक्षा थोडा जास्त फाटलेला. त्यावरचं वर्ष आता वाचता येत नाही, गावं अंदाजाने लागतात, तारखा तर नाहीच. वरचा भाव तेवढा पांढऱ्या पट्टीमुळे शाबूत राहिला आहे: १,७५०. २०२५-२६ चा हमीभाव २,३६९ आहे. हिरव्यावर लाल अक्षरांचा, वर १,७५० लिहिलेला तक्ता तुमच्याकडे आला तर तो माझा, आणि जुना. कृपा करून पुढे पाठवू नका.